नव्या तळ्यांचा ईडीएनए अहवाल आला, पण जाळीतला मासा त्यात नाही

चिखलपाय

मंडळी, प्रश्न लांब आहे. तुकड्यातुकड्याने विचारला तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं एकदमच लिहितो.

एक जुनी पाणथळ भरावाखाली गेली. तिच्या बदल्यात तीन वर्षांपूर्वी चार तळी खोदली आणि त्यांची देखरेख माझ्या गळ्यात आली. दरवर्षी दोन गोष्टी कळवायच्या असतात: बेडूक परतले का आणि मासे शिरले का. मासे शिरले की अंडी आणि टॅडपोल गट्टम. तळं दिसायला तुडुंब, पण ज्यांच्यासाठी खोदलं त्यांना उपयोग शून्य. पहिली दोन वर्षं मी रात्री टॉर्च घेऊन फिरलो, आवाज ऐकून नोंदी केल्या, दिवसा दांड्याची जाळी मारली. यंदा म्हटलं ईडीएनए करून बघू, म्हणजे प्राण्यांनी पाण्यात सोडलेल्या डीएनएवरून ते ओळखायचे. बाटल्या लॅबला दिल्या, त्यांनी मेटाबारकोडिंग केलं (एकाच नमुन्यातून अनेक जाती एकदम ओळखणं), परवा अहवाल आला.

तळं १ चं ठीक आहे, जे कानांनी ऐकलं होतं तेच आलं. तळं २ मध्ये म्हणे गॅम्बुझिया (डासांच्या अळ्या खाणारा छोटा मासा) नाही. अहो, नमुना घेतला त्याच दिवशी मी पांढऱ्या ट्रेमध्ये सात मोजले होते! त्यातली एक मादी इतकी भरलेली, की पोटाच्या मागच्या टोकाचा तो काळा डाग वाकून न बघता दिसत होता. तळं ३ च्या रकान्यात नुसतं ‘इनहिबिशन, निष्कर्ष नाही’. तळं ४ दरवर्षी भेगा पडेपर्यंत आटतं, त्याच्या तळातून मी चालत गेलोय, आणि तिथे निघाला कॉमन कार्प. शिवाय त्याच तळ्यावर जो चिमुकला बेडूक ओरडून ओरडून माझं डोकं उठवतो, त्याला नावच नाही. ‘बेडूक, ओळख कुळापर्यंत’ एवढंच.

म्हणजे जाळीतला मासा अहवालात नाही आणि अहवालातला मासा तळ्यात नाही. पद्धत कच्ची की मी कच्चा?

नमुना कसा घेतला तेही सांगतो. प्रत्येक तळ्याच्या काठावर एक सोयीची जागा बघितली, आत दोन पावलं गेलो, एक लिटरची बाटली भरली, बर्फाच्या खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅबने गाळलं.

पिपेटवाली

चिखलपाय, मी या कामाच्या पलीकडच्या टोकाला असते. बाटल्या आमच्याकडे येतात, त्या कुठून कशा भरल्या ते बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत, बरं झालं, कारण अर्धं उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे: एक जागा, एक बाटली.

साचलेल्या पाण्यात डीएनए मिठासारखा विरघळून सगळीकडे सारखा पसरत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर, कातडीचे कण, विष्ठा यांतून तो पडतो. प्राणी जिथे घोटाळतो तिथे दाट, थोडं पुढे गेलं की विरळ. गॅम्बुझिया उथळ, गवताळ काठाला थव्याने असतात. तुम्ही उभं राहायला सोयीची जागा निवडली असणार, म्हणजे बहुधा गवत नसलेली.

हिशेब करून बघा. समजा एका बाटलीत मासा सापडण्याची शक्यता ०.३ आहे. (उदाहरणापुरता आकडा आहे, तुमच्या तळ्याचा नाही.) एकच बाटली घेतली तर दहापैकी सात वेळा हुकणार. वेगवेगळ्या जागांवरून पाच घेतल्या, तर निदान एकीत सापडण्याची शक्यता ८३ टक्क्यांवर जाते, नऊ घेतल्या तर ९६ वर. तुमच्या तळ्याचा खरा आकडा काढायलासुद्धा एकाच तळ्याच्या अनेक बाटल्या लागतात. ऑक्युपन्सी मॉडेल (प्राणी असूनही किती वेळा हुकतो ते धरून तो आहे का याचा अंदाज काढणारं गणित) चालतं ते त्याच जोरावर. एका बाटलीतून ‘नाही’ आलं तर त्यातून काहीच काढता येत नाही, ‘कदाचित नाही’सुद्धा नाही.

पुढचा प्रश्न लॅबला विचारा: प्रत्यक्षात किती पाणी गाळलं गेलं? नव्या तळ्यात उघडी चिकणमाती असते, ती तरंगत राहते, वर शेवाळ. ०.४५ मायक्रॉनची गाळणी अशा पाण्याला दोनशे मिलिलिटरमध्येसुद्धा तुंबू शकते. मग बाटली एक लिटरची, पण नमुना पाव लिटरचा. गढूळ तळ्यांसाठी मोठ्या छिद्रांची गाळणी बरी, अगदी ५ मायक्रॉनचीसुद्धा. थोडा डीएनए निसटतो, पण पाणी कितीतरी जास्त जातं, आणि प्राण्यांचा बराचसा डीएनए पेशींच्या तुकड्यांत बांधलेला असल्यामुळे तो अडकतोच. शक्य असेल तर तळ्याकाठीच हातपंपाने गाळा आणि गाळणी लगेच इथेनॉलमध्ये टाका. दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत बाटलीतले जिवाणू उपाशी बसत नाहीत.

मेटाबारकोडिंगचा आणखी एक स्वभाव आहे. त्यात सगळ्यांचा डीएनए एकाच वेळी वाढवतात आणि जो मुळात जास्त तो आणखी जागा खातो. कुणाचा डीएनए वाढवायचा ते प्रायमर, म्हणजे त्याला चिकटणारे छोटे तुकडे, ठरवतात. माशांसाठी २०१५ मध्ये जपानमधून आलेले मायफिश प्रायमर वापरले असतील (ते १२एस जनुकाचा साधारण १७० अक्षरांचा तुकडा उचलतात) तर एक गोष्ट, सगळ्या पृष्ठवंशीय प्राण्यांचे सरसकट प्रायमर वापरले असतील तर वेगळी. दुसऱ्या प्रकारात बदक, गुरं आणि खुद्द तुम्ही, असे सगळे त्या गर्दीत असता. सात चिमुकल्या माशांचा आवाज त्यात दबला तर मला नवल वाटणार नाही. गॅम्बुझिया आहे की नाही एवढंच हवं असेल तर त्या एका जातीचं क्यूपीसीआर (फक्त तिचाच डीएनए वाढवून मोजणारी चाचणी) करून घ्या, ते जास्त तीक्ष्ण.

तळं ३ चं पाणी तपकिरी आहे ना? कुजलेल्या पानांमधली ह्युमिक आम्लं पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या प्रक्रियेच्या, एन्झाइमला लकवा मारतात. इनहिबिशन ते हेच. लॅबने ‘नाही’ न लिहिता ‘निष्कर्ष नाही’ लिहिलं, म्हणजे त्यांनी ओळखीचा डीएनए टाकून तपासलं होतं. त्याबद्दल त्यांना एक मार्क द्या. अर्क त्यांच्या फ्रीजरमध्ये असेल. तो एकास दहा पातळ करून किंवा आम्लं काढायच्या कॉलममधून नेऊन पुन्हा चालवा म्हणावं. पातळ करताना हवा तो डीएनएही पातळ होतो हे खरं, पण आम्लांचा जोर ओसरला की जे उरतं ते वाढतं. मागितल्याशिवाय हे सहसा कुणी करत नाही.

बेडकाचं म्हणाल, तर तुकडा सापडला पण जुळवायला संदर्भच नाही. माशांच्या मानाने उभयचरांच्या नोंदी तोकड्या आहेत. परवानगी काढून त्या बेडकाच्या कातडीवरून बोळा फिरवून एक स्वॅब घ्या, १२एस वाचून घ्या आणि लॅबच्या यादीत घाला. जुना अहवालसुद्धा त्या एका नोंदीने पुन्हा वाचता येतो, नवं पाणी लागत नाही.

जुना_गळ

ताईंनी सगळं नीट सांगितलं, त्यातलं निम्मं मला कळलं. पण कार्प कसा आला ते मी बसल्या जागेवरून सांगतो.

तळं ४ वर पाणकावळे बसतात का? बगळे? कुठल्या तरी तलावात मासा खाल्ला आणि तुमच्या पाण्यात येऊन शिटले, झाला कार्प. तळ्यात बाहेरून पाणी सोडलं होतं का? तळं १ चं जादा पाणी पाइपाने ४ मध्ये उतरतं का? आणि मुख्य म्हणजे बाटली भरताना पायांत कुठले बूट होते?

बुटांचं विचारतोय कारण मी स्वतः फसलोय. पाच खड्डे, पाचांतही तोच एक मासा, आणि जाळीत एकदाही नाही. लॅबवाल्यांशी भांडून झालं. मग एका सकाळी जाळी वाळत घालताना गाठीत काहीतरी चमकलं. खवला. कणीएवढा. आदल्या आठवड्यात तीच जाळी मी माशांच्या हौदात बुडवली होती आणि नुसती झटकून गाडीत टाकली होती. तेव्हापासून आमचा नियम: आधी पाणी, मग जाळी. आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर जाळी आणि बूट ब्लीचमध्ये बुडवून, धुऊन, वाळवून. (बेडकांच्या बुरशीसाठीही हे करायलाच हवं, ती बुटांवरून फिरते.)

तरी एक म्हणतो. ईडीएनए करा, पण त्याच्या नादात जाळी खुंटीला टांगू नका. ते यंत्र सांगतं का टॅडपोल किती? त्यांना पाय फुटले का? फुटून ते पाण्याबाहेर पडले का? बदली तळं चालतंय की नाही हे मला विचाराल तर शेपूट गळालेली पिल्लं काठावरच्या ओल्या गवतात सापडली का, यावर मी ठरवतो. नर ओरडला, मादीने अंडी दिली आणि पाणी दहा दिवस आधी आटलं, तर डीएनए भरपूर आणि पिढी शून्य.

बाटलीबंद

जुना_गळ काका, शेवटचं शंभर टक्के मान्य. पण ‘यंत्राच्या नादात’ हे थोडं अन्यायाचं होतंय. काही प्राण्यांच्या बाबतीत माणसाचे डोळे फार कच्चे असतात.

या सगळ्याची सुरुवातच बेडकापासून झाली. २००८ मध्ये फ्रान्समध्ये तळ्याच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉग ओळखला गेला. तो तिथला नाही, बाहेरून येऊन पसरलेला. पुढे तिथेच तळी तपासली तेव्हा नेहमीच्या पद्धतीने तो ७ तळ्यांत दिसला आणि पाण्यातल्या डीएनएने ३८ मध्ये. खोदलेल्या तळ्यांशी याचा थेट संबंध आहे. माणसाने खोदलेलं तळं बहुधा जरा जास्तच खोल होतं, वर्षभर भरलेलं राहतं. बुलफ्रॉगच्या टॅडपोलना थंड प्रदेशात मोठं व्हायला वर्षाहून जास्त लागू शकतं, म्हणून त्यांना असंच न आटणारं पाणी हवं, आणि माशांनाही तेच. मासे त्यांना फारसं खात नाहीत, चवीला वाईट लागतात म्हणे. मरतात ती बाकीच्या बेडकांची पिल्लं. चिखलपाय, तुमचं तळं ४ आटतं ही त्याची खोड समजू नका, तेच त्याचं भांडवल आहे.

नमुन्याची शिस्त कशी असावी, तर ब्रिटनमधली ग्रेट क्रेस्टेड न्यूटची पद्धत बघा. न्यूट म्हणजे शेपटीवाला उभयचर, तिथे कायद्याने संरक्षित, त्यामुळे बांधकामाआधी तळी तपासावी लागतात. २०१४ पासून तिथे ईडीएनए ग्राह्य धरतात. तळ्याभोवती २० जागा ठरवायच्या, न्यूट असण्याची शक्यता जिथे जास्त तिथे. प्रत्येक जागी ३० मिलिलिटरचा डाव बुडवायचा. सगळं एका निर्जंतुक पिशवीत ढवळायचं आणि त्यातलं १५-१५ मिलिलिटर सहा नळ्यांत घालायचं. नळीत आधीच ३५ मिलिलिटर इथेनॉल असतं. पाण्यात पाय ठेवायचा नाही, गाळ ढवळायचा नाही. लॅबमध्ये एकेका तळ्याचे १२ क्यूपीसीआर. नमुने १५ एप्रिल ते ३० जून एवढ्याच काळात, कारण न्यूट तेव्हा पाण्यात असतात.

या पद्धतीची परीक्षा ३५ तळ्यांवर झाली, तिथे न्यूट आहेत हे आधीच माहीत होतं. एकेका भेटीत ईडीएनएने ९९.३ टक्के वेळा पकडलं. टॉर्चने ७५, बाटलीच्या सापळ्याने ७६, अंडी शोधून ४४. मात्र हेच काम स्वयंसेवकांनी आपापल्या तळ्यांवर केलं तेव्हा आकडा ९१ च्या आसपास उतरला. पद्धत तीच, हात वेगळे. मला यातलं सगळ्यात आवडतं ते उत्तराचे तीन रकाने: आहे, नाही आणि ठरवता येत नाही. तुमच्या तळं ३ चा अहवाल त्या तिसऱ्या रकान्यातला आहे, तो अपयश म्हणून मोजू नका.

चिखलपाय

काका, तुम्ही इथे येऊन बघून गेलात की काय?

आज साइटवरची वही काढली. नमुन्याच्या नऊ दिवस आधी तळं ४ मध्ये पंपाने पाणी सोडलं होतं. पाणी फार उतरलं होतं आणि टॅडपोल दोन बोटं पाण्यात वळवळत होते. कुणाला तरी दया आली. पाणी शेजारच्या मोठ्या जलाशयातलं, आणि तिथे कार्प आहेत हे मलाही माहीत आहे. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

बूट चारही तळ्यांना तेच. क्रम २, १, ४, ३. तळं २ मध्ये तर जाळी आधी मारली आणि बाटली नंतर, त्याच ढवळलेल्या पाण्यातून. एवढं करूनही गॅम्बुझिया आला नाही, हे मात्र मला अजून पचत नाही.

नऊ दिवसांनी डीएनए टिकतो का? आणि वहीत आणखी एक दिसलं: तळं १ मधले टॅडपोल नमुन्याच्या तीनेक आठवडे आधीच बाहेर पडले होते. तरी ते आले अहवालात. मग मी उशीर केला की नाही केला?

पिपेटवाली

नऊ दिवस सहज. प्राणी काढून घेतल्यावर गोड्या पाण्यात डीएनए साधारण दोन-तीन आठवडे सापडतो, महिन्याच्या आत सहसा संपतो. ऊन कडक, पाणी कोमट, आम्लता जास्त, की लवकर तुटतो. थंड, सावलीतलं, किंचित अल्कधर्मी पाणी असेल तर रेंगाळतो. गाळाची गोष्ट वेगळी, तिथे तो कणांना चिकटून कितीतरी जास्त काळ राहतो. म्हणून ते ‘आत दोन पावलं’ मला खटकलं. तुम्ही पायाने गेल्या हंगामाचा डीएनए वर काढलेला असू शकतो.

तळं १ मध्ये तुम्ही काठावर पास झालात. शिवाय मोठे बेडूक अधूनमधून पाण्यात येतातच, त्यांचाही असेल. पण टॅडपोल पाण्यात अहोरात्र असतात, त्यांच्याएवढा डीएनए जमिनीवर राहणारा मोठा बेडूक टाकत नाही. टॅडपोल भरात असताना एकदा आणि तळं आटायला लागण्याच्या जरा आधी एकदा, अशा दोन फेऱ्या धरा. कार्पचा उलगडाही तसाच होईल. नुसतं पंपाचं पाणी असेल तर महिन्याभराने तो नाहीसा व्हायला हवा. पुन्हा आला, तर कुणीतरी तिथे पोहतंय.

गॅम्बुझियाचं मी लपवत नाही: ढवळलेल्या गढूळ पाण्याने गाळणी आणखी लवकर तुंबली असणार, त्यामुळे जाळी आधी मारून तुम्ही स्वतःचं नुकसानच केलंत. पण प्रायमर कुठले ते कळल्याशिवाय नक्की बोलणार नाही.

जुना_गळ

पंपाच्या पाण्यातून नुसता डीएनए येतो असं धरून बसू नका. बोटभर पिल्लं पंपाच्या पात्यांतून जिवंत निघालेली मी पाहिली आहेत. उद्याच जाळी मारा. आणि सापडला तरी घाबरू नका, पाणी सोडणं तेवढं थांबवा. तळं आटू दे. कार्पला चिखलात झोपून पुढचा पाऊस गाठता येत नाही. टॅडपोलची दया येत असेल तर पुढच्या वर्षी एक कोपरा वीतभर खोल करा, पण तोही शेवटी आटला पाहिजे.

बाटलीबंद

एक राहिलं. कुणी अहवालातले रीड्सचे (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांचे) आकडे घेऊन ‘तळं १ मध्ये बेडूक तळं ४ च्या तिप्पट’ असं लिहायला सांगितलं तर लिहू नका. रीड्स म्हणजे डोकी नव्हेत. प्रायमर एकाला जास्त चिकटतो, दुसऱ्याला कमी, आणि एक मेलेला मासा शंभर जिवंतांएवढा बोलतो.

चिखलपाय

तीन दिवसांनी लिहितोय.

लॅबशी बोललो. प्रायमर सगळ्या पृष्ठवंशीयांचेच होते, तळं २ चं पाणी १८० मिलिलिटरच गाळलं गेलं आणि त्यातले बहुतेक रीड्स बदकांचे. तळं ३ चा अर्क एकास दहा करून पुन्हा चालवला: दोन जातींचे बेडूक आले, मासा एकही नाही. बाटली एकच असल्यामुळे ‘मासा नाही’ असं मी लिहिणार नाही, बेडकांचं लिहीन.

तळं ४ मध्ये जाळी मारली. बाविसाव्या खेपेला एक कार्प, करंगळीएवढा, तोंडाच्या कोपऱ्यातल्या मिशा स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे लॅब बरोबर होती आणि तळातून चालत गेल्याचा माझा पुरावा गेल्या वर्षीचा होता. पंपावर आता कुलूप आहे.

पुढची फेरी ठरवली: प्रत्येक तळ्याच्या नऊ जागा, काठावरून लांब दांड्याने, पाण्यात पाय नाही, गाळणी जागेवरच, मासे-उभयचरांचे प्रायमर वेगळे, गॅम्बुझियाचं क्यूपीसीआर स्वतंत्र, जाळी सगळ्यात शेवटी. त्या ओरडणाऱ्या बेडकाच्या स्वॅबसाठी परवानगीचा अर्ज टाकलाय.

एक बारीक शंका. ब्लँकसाठी, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला का ते तपासायला, शुद्ध पाण्याची बाटली न्यायची हे कळलं. ती उघडायची कुठे, गाडीपाशी की तळ्याकाठी?

पिपेटवाली

तळ्याकाठी, प्रत्येक तळ्यावर नवी. पहिल्या नमुन्याच्या आधी, त्याच हातमोज्यांनी, त्याच पंपातून गाळायची, आणि लॅबला देताना तिच्यावर ‘ब्लँक’ लिहायचं नाही. बाकीच्यांसारखाच एक नंबर टाका.